वर्षानुवर्षं उपासनेला येणाऱ्या माणसाचं मन दगड झालं असेल तर सुरुवात कुठून करायची?

रविवारची घंटा (प्रश्न)

सलाम सर्वांना.

आमच्या घरगुती प्रार्थनेच्या गटात एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीचं, घराणं तिसऱ्या पिढीचं ख्रिस्ती. वडील गेल्यावर जमिनीची वाटणी झाली, बांधावरून थोरल्या भावाशी वाजलं. त्याला आता सात वर्षं होतील. भाऊही याच मंडळीत, चार बाकं पुढे बसतो. हे उपासना चुकवत नाहीत, दशांश देतात, गीतांना पेटीची साथ करतात. पण परवा गटात स्वतःहून बोलले : "वचन कानावरून जातं, आत पोचत नाही. कुणाच्या मयतीला गेलो तरी डोळ्यांत पाणी येत नाही. माझं मन दगडाचं झालंय. काय करू ते सांगा."

गटातल्या सगळ्यांनी मान खाली घातली. मग कुणीतरी नेहमीचं वाक्य बोललं, की प्रार्थनेत राहा, प्रभू सगळं नीट करील. ते खरंच आहे, पण त्या माणसाच्या हातात त्यातून काहीच पडलं नाही. म्हणून जाणकारांना विचारते. शास्त्रात कठीण मन नेमकं कशाला म्हटलंय? त्यावर रोज करण्यासारखं काय आहे, किती वेळ, कोणत्या क्रमाने? आणि भावाला क्षमा करण्यापासूनच सुरुवात करायची का? गटातल्या दोघांचं म्हणणं आहे की आधी क्षमा, मगच बाकी सगळं. मला ते पटत नाही, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही.

वापसा

ताई, सलाम. त्यांनी हे आपल्या तोंडाने सांगितलं ही चांगली खूण आहे. इफिसच्या पत्रात (४:१८-१९) मन कठीण होत होत शेवटी बधिर झालेल्यांचं वर्णन आहे. त्या अवस्थेत माणसाला टोचणीच उरत नाही. तुमच्या गृहस्थांना टोचतंय, म्हणजे आत जीव आहे.

आता शास्त्राकडे. या विषयावर लोक थेट यहेज्केल ३६:२६ काढतात, पाषाणाचं हृदय जाऊन मांसाचं हृदय मिळण्याचं वचन. ते वचन पाया आहेच, कारण तिथे देणारा देव आहे, आपण नाही. पण मन कठीण कसं झालं हे कळायला निर्गमाचे ७ ते १४ अध्याय पेन्सिल घेऊन एका बैठकीत वाचायला लावा. मराठीत बहुतेक ठिकाणी एकच शब्द येतो, 'कठीण'. मूळ हिब्रूत तीन आहेत : खाझाक म्हणजे घट्ट, बळकट, काबेद म्हणजे जड, काशा म्हणजे कठीण. बेडकांचा उपद्रव चालू असताना मिसरचा राजा फारो मोशेला बोलावून विनवण्या करतो. बेडूक मेले, उसंत मिळाली, की मन जड. गारा पडताना म्हणतो मी पाप केलं. गारा थांबल्या की पुन्हा तेच. माणसाचं मन संकटात जितकं कठीण होतं त्याहून जास्त ते सुटका झाल्यावर होतं, जेव्हा दिलेला शब्द पाळायचा असतो आणि तो आपण पुढे ढकलतो. आणखी एक. परमेश्वर त्याचं मन कठीण करणार हे आधीच सांगून ठेवलेलं आहे (४:२१, ७:३). पण पीडा सुरू झाल्यावर 'परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं' हे शब्द प्रथम सहाव्या पीडेला, फोडांच्या वेळी येतात (९:१२). त्याआधी त्याने स्वतः पुन्हा पुन्हा तसं केलेलं आहे. त्या गृहस्थांना 'देवानेच मला टाकलं' अशी भीती असेल तर हा क्रम बोट ठेवून दाखवा.

दुसरी जागा मार्कच्या शुभवर्तमानातली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे कठीण मन शिष्यांचं आहे (६:५२, ८:१७). परक्यांचं नाही, रोज प्रभूबरोबर जेवणाऱ्यांचं. पाच भाकरींत पाच हजार जेवले, नंतर सात भाकरींत चार हजार, आणि मग तारवात एकच भाकर आहे म्हणून यांची कुजबुज सुरू! तिथे येशू काय करतो ते पाहा. रागावतो, पण लगेच मोजायला लावतो. त्या वेळी टोपल्या किती उचलल्या? बारा. आणि नंतर? सात. आकडे त्यांच्याच तोंडून काढून घेतो. कठीण मनाला आठवण नसते, निदान मोजलेली तरी नसते.

तिसरी जागा पेरणाऱ्याच्या दाखल्यातली पायवाट. ती कठीण का होते? वाईट माती म्हणून नाही. रोज तुडवली जाते म्हणून. बी तिच्यावरही पडतं, उलट पडून पडून वर दिसत राहतं. हे उपासनेत तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं दुखणं आहे : ऐकणं खूप, त्यावर करणं शून्य. त्यात आणखी वचनं वाचायला सांगितलीत तर वाट आणखी तुडवली जाईल. जमीन कसणाऱ्याला हे दुसऱ्या बाजूनेही समजतं. दरवर्षी एकाच खोलीवर नांगर चालवला की वरची माती भुसभुशीत दिसते, पण नांगराच्या तळाखाली घट्ट थर धरतो, पाणी मुरत नाही, मुळं आडवी जातात. वीस वर्षं तीच दोन मिनिटांची प्रार्थना हे तसंच. होशेय १०:१२ आणि यिर्मया ४:३ पडीक जमीन नांगरायला सांगतात ते यासाठी.

मात्र काळ्या रानात चिखलात नांगर घातला तर ढेकळं दगडासारखी होतात. वापसा यावा लागतो, म्हणजे नांगरण्याजोगी बेताची ओल. म्हणून 'आधी क्षमा' हा तुमच्या गटाचा आग्रह चुकीच्या वेळी नांगर घालण्यासारखा आहे. क्षमा करायचीच आहे, पण काय गमावलं हे मोजायच्या आत तोंडाने क्षमा म्हणवून घेतली की ती ढेकूळ बनते, पुढे फुटत नाही.

त्यामुळे माझा क्रम असा. रोज वीस मिनिटं, शक्यतो सकाळी, मोबाईल दुसऱ्या खोलीत, एकूण सहा आठवडे. पहिले दोन आठवडे फक्त विलाप. स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, मग दोन ओव्यांत मागणी, शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. ते मोठ्याने वाचायचं, मनात नाही. मग त्याच साच्यात आपल्या सहा ओळी लिहायच्या : दोन तक्रारीच्या, दोन मागणीच्या, दोन भरवशाच्या. भरवशाच्या ओळी खोट्या वाटत असतील तर त्या जागा कोऱ्या सोडायच्या. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे, कारण तेही देवालाच उद्देशून बोललेलं आहे. आपल्याकडे विलापाला लगेच स्तुतिगीताने झाकण लावायची सवय आहे. ती इथे नको.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हिशेब. वहीच्या पानाला दोन उभ्या रेघा, तीन रकाने. पहिल्यात भावाने काय केलं, तारीख-प्रसंगासह. 'त्याने माझी वाट लावली' असं मोघम नको, 'पश्चिमेच्या बांधावरचं चिंचेचं झाड न विचारता तोडलं' असं. दुसऱ्यात त्याने माझं काय गेलं : पैसा, मान, आईकडचा सण, पुतण्याशी असलेलं बोलणं. तिसऱ्यात माझ्या हातून काय झालं. तिसरा रकाना पहिले आठ दिवस बहुधा कोराच राहतो. राहू द्या. स्तोत्र १३९:२३-२४ रोज एकदा म्हणायचं आणि बसायचं. कोणी बाहेरून त्यात काही भरू नये, बायकोनेही नाही.

शेवटचे दोन आठवडे आज्ञापालनाचे, अगदी लहान. रोज एकच परिच्छेद वाचायचा, मार्क किंवा याकोब, दहा-बारा वचनांपेक्षा जास्त नाही. त्यातून एकच करण्याजोगी गोष्ट काढायची आणि ती २४ तासांच्या आत करायची. पाहुण्याला पाणी देणं, उसने पैसे परत करणं, एक खोटं मागे घेणं. वहीत फक्त 'केलं' किंवा 'नाही केलं'. कसं वाटलं ते लिहायचं नाही. मार्क ३ मध्ये वाळलेल्या हाताच्या माणसाला प्रभू 'हात लांब कर' एवढंच म्हणतो. हात बरा झाला की मग लांब कर, असं नाही.

आणि हे एकट्याने होत नाही. इब्री ३:१३ मध्ये कठीण मनावरचं औषध 'एकमेकांना, प्रतिदिवशी, आज म्हटलं जातं तोवर' असं दिलंय. एक माणूस नेमा, गट नव्हे. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, समोरासमोर.

वसई किनारा

जय ख्रिस्त. वापसा यांनी सांगितलेला तिसरा रकाना हाच खरा दरवाजा आहे, आणि आमच्या कॅथलिक मंडळीत त्याला शतकानुशतकांची रीत आहे म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

प्रायश्चित्त संस्काराचे भाग असे : आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, धर्मगुरूजवळ पापनिवेदन (आमची जुनी माणसं त्याला कुमसार म्हणतात), मग पापक्षमेचे शब्द, आणि सांगितलेलं प्रायश्चित्त पूर्ण करणं. वर्षातून निदान एकदा हा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मसभेचा, आणि गंभीर पापं मोघम नव्हे, एकेक करून प्रकारासह कबूल करावीत हे १५५१ साली ट्रेंटच्या धर्मसभेने शब्दांत मांडलं. हा एकेक मोजून सांगण्याचा नियम कोरडा वाटतो, पण कठीण मनासाठी तोच कामाचा. 'मला राग येतो' हे पापनिवेदन नाही, ती हवामानाची बातमी झाली. 'गेल्या वर्षभरात भावाबद्दल मी निदान पाच घरी खोटं बोललो, आणि दोनदा त्याच्या मुलीच्या स्थळाबद्दल मुद्दाम गप्प बसलो' हे निवेदन. आकडा तोंडातून बाहेर पडताना घसा अडकतो. तिथेच दगडाला पहिली भेग जाते.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दुसऱ्याची पापं कबूल करणं. दहा मिनिटांतली आठ मिनिटं भावाची, आणि शेवटी 'म्हणून मलाही थोडा राग आला'. अनुभवी धर्मगुरू तिथे हळूच थांबवतात. दुसरी चूक, सांगितलेलं प्रायश्चित्त घाईघाईत तीन प्रार्थना पुटपुटून उरकणं. काही घेतलेलं असेल तर ते परत करणं हेही त्यातच येतं. जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेल्याचं चौपट परत करायचा शब्द दिला, तो त्याच दिवशी, लोकांसमोर (लूक १९:८). बांध कोरला असेल तर वीतभर का असेना, तो मागे घ्यायचा.

तुमची मंडळी प्रोटेस्टंट असेल तर हा संस्कार तुमच्याकडे नाही, पण याकोब ५:१६ तुमच्याही शास्त्रात आहे. पाळकसाहेब किंवा एखादे मुरलेले वडीलधारे, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते असे. समोरच्याने ऐकून घेऊन शेवटी क्षमेचं वचन (१ योहान १:९) त्या माणसाचं नाव घेऊन वाचावं. नाव घ्यायला विसरू नका. मोघम वाचलेलं वचन पुन्हा पायवाटेवर पडतं.

रोजसाठी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची आत्मपरीक्षणाची पद्धत सांगतो, रात्री दहा-पंधरा मिनिटांची. आधी दिवसाबद्दल आभार. मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून प्रकाश मागायचा. मग उठल्यापासून तासातासाने दिवस उलगडायचा. मग क्षमा, मग उद्याचा निश्चय, शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. क्रम बदलू नका. आभार गाळून थेट चुकांवर गेलं की चारच दिवसांत माणूस स्वतःला चाबूक मारत बसतो, आणि त्याने मन आणखी निबर होतं.

एखादा एकच दोष धरायचा असेल, जसं की भावाचं नाव निघालं की टोमणा मारणं, तर इग्नेशियस यांनी दुपारी आणि रात्री असा दोनदा हिशेब सांगितला आहे. दिवसाला दोन रेघा, जितक्यांदा घसरलो तितके ठिपके. घसरल्याच्या क्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत कुणाच्या लक्षातही येत नाही. सोमवारचे ठिपके आणि शनिवारचे ठिपके शेजारी दिसले की माणसाला पहिल्यांदा कळतं की आपण दिवसातून अकरा वेळा भावाशी मनातल्या मनात भांडतो.

त्यांचा आणखी एक नियम जपून ठेवण्यासारखा आहे : मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलायचा नाही, उलट प्रार्थना थोडी वाढवायची. ठरलेली पंधरा मिनिटं नकोशी झाली तर सोळा करायची, दहा नाही.

बांधावरचा

क्षमेच्या मुद्द्यावर दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघे लागतात. मंडळ्यांमध्ये हे दोन्ही एकाच पिशवीत कोंबतात, आणि मग 'भावाच्या गळ्यात पडला नाहीस म्हणजे क्षमा केली नाहीस' असा दाब येतो.

मत्तय १८ मधला निर्दय चाकराचा दाखला आकड्यांशिवाय समजत नाही. राजाने चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, पण त्याने सोबत्याचे शंभर दीनार सोडले नाहीत. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. ही क्षुल्लक रक्कम नव्हे, तीन-साडेतीन महिन्यांची कमाई आहे. म्हणजे प्रभू असं म्हणत नाही की भावाने तुझं काहीच नेलं नाही. नेलंय, आणि बरंच नेलंय. पण दहा हजार तालांत म्हणजे, एका तालांताचे सहा हजार दीनार धरले तर, सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस कामाचे मानले तरी दोन लाख वर्षं. त्या गृहस्थांच्या वहीतला दुसरा रकाना भरून झाल्यावरच हा दाखला वाचा, आधी नको. आपलं शंभर दीनारांचं नुकसान मोजलेलं असेल तरच सोडलं म्हणजे काय सोडलं ते कळतं.

मग क्षमा म्हणजे प्रत्यक्षात काय? सूड घेण्याचा हक्क देवाच्या हवाली करणं (रोम १२:१९). रोजच्या व्यवहारात त्याच्या तीन खुणा पाहाव्यात. त्याचं नुकसान झालं तर मनात उकळी फुटत नाही. त्याची गोष्ट तिसऱ्याला सांगत नाही, 'प्रार्थनेचा विषय' म्हणूनसुद्धा नाही (ही पळवाट फार वापरली जाते). आणि त्याच्यासाठी एक नेमकं मागणं मागता येतं, त्याच्या गुडघ्यासाठी, त्याच्या मुलाच्या नोकरीसाठी. 'त्याला सद्बुद्धी दे' हे मागणं धरू नका, ते बहुतेक वेळा शिवीच असते.

क्षमा म्हणजे न्याय सोडणं नव्हे. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना गाडीत जाळण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली आणि बारीपदा इथलं कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. खटला मात्र कायद्याने चालला, शिक्षाही झाली. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही.

म्हणून जमिनीचा वाद अजून लोंबकळत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणीचा अर्ज करायला काहीच हरकत नाही. उलट खुणा कायम झाल्या की रोजची जखम थांबते. लूक १२:१३-१५ मध्ये एक जण 'माझ्या भावाला वाटणी द्यायला सांग' म्हणून येतो, आणि येशू वाटण्या करायला नकार देतो, पण लोभाकडे बोट दाखवतो. तुमच्या प्रार्थना गटानेही हेच करावं : बांध कुणाचा ते ठरवू नये, ते मोजणीदाराचं काम.

समेटाची वेळ आलीच तर याकोब आणि त्याने फसवलेला थोरला भाऊ एसाव यांची गोष्ट (उत्पत्ती ३२-३३) नीट वाचा. एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. याकोब आधी भेट पाठवतो : शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई, गाढवं. मोजली तर साडेपाचशे जनावरं होतात, उंटिणींची पोरं वेगळी. तीही एकदम नाही, कळपाकळपात अंतर ठेवून, म्हणजे रागाला निवायला वेळ मिळतो. स्वतः पुढे होऊन सात वेळा नमतो. गळाभेट होते, दोघे रडतात. आणि त्यानंतर? एसाव सेईरला जातो, याकोब सुक्कोथला. एकत्र राहत नाहीत. वडील इसहाक वारले तेव्हा मूठमाती मात्र दोघांनी मिळून दिली (३५:२९). दोन चुली वेगळ्या ठेवूनही समेट होतो हे या घराण्यावरून शिकावं.

भावाकडे जाताना : एकट्याने जावं, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर नको, सणाच्या दिवशी नको. बसायच्या आतच बोलावं, चहा आल्यावर विषय बदलतो. वाक्य तिसऱ्या रकान्यातलं, आणि त्यात 'पण' नको. 'मी चार लोकांत तुला चोर म्हणालो, ते चुकलं.' एवढंच. त्याने काही परत म्हटलं नाही तरी उठून यावं. मत्तय ५:२३ मध्ये 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असं आहे, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध असं नाही. जायचं कारण ते.

रात्रपाळी

थोडं वेगळं पण महत्त्वाचं. डोळ्यांत पाणी न येणं, कशातच गोडी न वाटणं, हे कठीण मनाचं लक्षण असू शकतं तसंच नैराश्याच्या आजाराचंही. दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज, मन उदास किंवा रितं, झोप बिघडलेली, भूक कमी-जास्त, थकवा, सतत अपराधी वाटणं, यातलं बरंचसं एकत्र असेल तर आधी डॉक्टर. थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी. काही मनोविकारावरच्या गोळ्यांनीही भावना बोथट होतात, तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगायचं, गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर वाट पाहू नका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

एक ढोबळ फरक : कठीण मन एका दिशेला कठीण असतं, भावाकडे दगड आणि नातवाकडे लोणी. आजारात नातवाकडेही काही वाटत नाही. पण हा फरक गटाने ठरवायचा नाही.

संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता (१ राजे १९). देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून दिलं. परमेश्वराचा शब्द त्यानंतर, होरेबावर.

रविवारची घंटा

फार आभार. रात्रपाळी ताईंचा मुद्दा आधी हाती घेते, त्यांच्या घरच्यांशी बोलते. दोन शंका उरल्या. एक, या सहा आठवड्यांत त्यांनी प्रभुभोजन घ्यावं की थांबावं? ते सध्या मान खाली घालून ताट पुढे सरकवतात. दुसरी, सहा आठवडे सगळं केलं आणि तरी काहीच वाटलं नाही तर?

वापसा

प्रभुभोजनाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या पाळकांचा. पण १ करिंथ ११:२८ नीट वाचा : माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि 'मग' खावं. परीक्षा करून न खाता बसावं असं तिथे नाही. तिसरा रकाना भरायला लागले असतील, भावाकडे जायचा दिवस ठरवला असेल, तर ताट सरकवण्यापेक्षा हात पुढे करावा. काहीच सुरू केलं नसेल तर थांबण्यात प्रामाणिकपणा आहे, फक्त ते थांबणं सातवं वर्ष गाठणारं नको. पाळकांशी बोलून तारीख घाला.

दुसऱ्या शंकेला जॉन न्यूटनचं उदाहरण देतो. गुलामांच्या जहाजांवरचा हा इंग्रज खलाशी. मार्च १७४८ मध्ये वादळात जहाज फुटायला आलं तेव्हा त्याने देवाचा धावा केला. पुढे त्यालाच तो आपल्या विश्वासाचा पहिला दिवस मानत असे. आणि त्यानंतर? तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. समुद्र सुटला १७५४ मध्ये, तोही आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर पत्रक लिहिलं १७८८ साली. वादळापासून चाळीस वर्षं! मनाचा एक कोपरा मऊ झाला म्हणजे सगळं मन मऊ झालं असं नसतं. म्हणून सहा आठवड्यांनी भावना मोजू नका, वही मोजा. 'केलं' किती, 'नाही केलं' किती. पहिल्या सहा आठवड्यांत निम्मं जमलं तरी पुढचे सहा आठवडे त्याच क्रमाने, फक्त विलापाचे दिवस कमी करून.

भावना बहुतेक वेळा आडवाटेने येते. पेत्राचंच पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच आहे : मुख्य याजकाच्या वाड्यात, जिथे तो शेकत उभा होता आणि जिथे त्याने प्रभूला तीनदा नाकारलं (१८:१८), आणि समुद्रकाठी, जिथे प्रभूने भाकर-मासे ठेवले होते (२१:९). तोच वास, तोच धूर. प्रभूने आधी न्याहारी दिली, मग तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला. त्या आधी नाही. तुमच्या गृहस्थांचंही तसंच कुठल्यातरी जुन्या जागी होईल, आईच्या ओट्यावर किंवा त्या चिंचेच्या बुंध्याशी. हिशेबाच्या आठवड्यांत एकदा त्यांना शेतावर जाऊन तिथेच स्तोत्र वाचायला सांगा. सोबत नेमलेला माणूस असावा, दहा पावलं मागे.

गटासाठी एवढंच : दर बुधवारी 'आता कसं वाटतंय?' विचारू नका. नेमलेल्या माणसानेच विचारावं, आणि तेही 'या आठवड्यात काय केलंत?' एवढंच. आणि पेटी. पेटीची साथ त्यांच्याकडून काढून घेऊ नका, ती शिक्षा होईल. पण महिन्यातला एक रविवार दुसऱ्या कुणाला तरी बसवा. वाजवणाऱ्याचं अर्धं लक्ष भात्याकडे आणि सुराकडे असतं, गीताचे शब्द त्याच्यावरून निघून जातात. त्या रविवारी त्यांना हातात फक्त गीतांचं पुस्तक घेऊन बसू द्या, भावाच्या बाकापासून चार बाकं मागे असले तरी चालेल.